बांजाचं पिंप

झाकण उचललं आणि काहीच आलं नाही. मी ते परत ठेवलं, जरा थांबले, पुन्हा उचललं. आमच्या चाखण्याच्या खोलीत रंगावरून कुणी मत बनवू नये म्हणून ग्लास निळ्या काचेचे असतात आणि प्रत्येकावर काचेचं गोल झाकण असतं. झाकण उचललं की वर साचलेला वास एकदम नाकावर येतो. चेहऱ्यासमोर कुणीतरी दार उघडावं तसा. आज दार उघडलं आणि आत खोलीच नव्हती. समोर नरसिंह सर डोळे मिटून बसले होते. दिल्लीजवळ मानेसरच्या आमच्या डिस्टिलरीत कुठलं पिंप बाटलीत जाणार आणि कुठलं अजून थांबणार हे तेच ठरवतात. त्यांच्या शेजारी क्वालिटीच्या विजयालक्ष्मी मॅडम, आणि माझ्या डाव्या हाताला रुचिता. ती नागपूरची, मुनिरकात खोली करून राहते, आणि या इमारतीत माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. "काय गं, किती वेळ?" ती पुटपुटली. "प्रेमात पडलीस काय?" मी हसले. हसताना डोक्यामागचे टाके ओढले गेले. चार ग्लासांपैकी एकात माझ्या बांजाच्या, म्हणजे पहाडी ओकच्या, पिंपातली व्हिस्की होती. कुठल्यात, ते मला कळायला हवं होतं. या खोलीतल्या सगळ्यांना खात्री होती की ते मला झोपेतसुद्धा कळेल.

नाक गेलंय हे मला चार दिवसांपूर्वी कळलं होतं, पण ते मी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून फोन बघत उभी होते. आई धावत आली आणि तिने गॅस बंद केला. पातेल्यातलं दूध आटून तळाला काळं झालं होतं, धूर खिडकीपर्यंत गेला होता. "अगं, इथंच उभी आहेस ना तू? वास नाही आला तुला?" ती म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज शेवटच्या शब्दावर खाली बसला. आम्ही दोघी पातेल्याकडे बघत राहिलो. "सर्दी असेल," ती म्हणाली. मला सर्दी नव्हती. मग मी बाथरूममध्ये जाऊन एकेक वस्तू नाकाशी धरली. साबण, फिनेल, बाबांचं दाढीचं लोशन, डांबरगोळी. डांबरगोळी हातात धरून मी बराच वेळ बसले होते. विज्ञान मला माहीत आहे, त्याने काही बरं वाटत नाही. नाकाच्या छताला चाळणीसारखं पातळ हाड असतं. वासाच्या नसांचे बारीक धागे त्या भोकांतून वर मेंदूत जातात. डोक्यावर मागून जोरात आघात झाला की मेंदू कवटीत पुढे सरकतो, मागे येतो, आणि ते धागे चाळणीच्या कडांवर कापले जातात. सुरीने कापावेत इतके सरळ. डॉक्टरांनी सांगितलं, कदाचित येईल परत, कदाचित नाही. त्यांनी दुसरंही काही विचारलं होतं. आईने आधीच उत्तर दिलं होतं: "बाथरूम में फिसल गई."

मी पहिल्या ग्लासातला घोट घेतला. पाणी न घातलेली व्हिस्की, पिंपातून काढली तशी, बासष्ट टक्के. जिभेच्या टोकावर ठिणगी पडली आणि मग आग गालांच्या आतल्या बाजूंनी पसरत घशात उतरली, नाकात मागून चढली, डोळ्यांत पाणी आलं. ही आग मला पूर्ण समजत होती. वासाची नस वेगळी आणि चेहऱ्याला दुखतंय हे सांगणारी नस वेगळी. ती जाड असते, दुसऱ्या वाटेने जाते, तिला काही झालेलं नव्हतं. एरवी या आगीच्या आत किती काय काय असतं: जळक्या साखरेचा थर, त्याखाली फळ, त्याखाली लाकूड. आज आतलं सगळं काढून घेऊन नुसता मारच शिल्लक ठेवला होता. दुसरा ग्लास, तोच मार. मला वाटलं, आपण इतकी वर्षं ज्याला चव म्हणत होतो ते या मारावर घातलेलं पांघरूण होतं. पिंप करतात कसं ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हाही असंच काहीतरी वाटलं होतं. झाडाला पाचरी ठोकून रेषेत उभं फाडायचं. फळ्या गोल उभ्या करून मध्ये जाळ पेटवायचा, बाहेरून पाणी मारायचं, लाकूड नरमलं की पोलादी दोराने आवळून त्याला वाकवायचं. ते ओरडतं, खरोखर ओरडतं. मग पट्ट्या ठोकायच्या आणि शेवटी आतून जाळायचं, कोळशाची पापुद्रे सुटलेली कातडी होईपर्यंत. आणि त्यात दोन-तीन वर्षं कच्चा मद्यार्क कोंडून ठेवायचा, या इथल्या उन्हाळ्यात, जिथे गोदामाच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो. लोक मग त्याला गुळगुळीत म्हणतात.

बांज माझी कल्पना होती. सगळे अमेरिकेतला नाहीतर युरोपातला ओक आणतात. बांज हा आपल्या पहाडातला ओक, उत्तराखंडात लोक त्याचा पाला गुरांना घालतात आणि फांद्या चुलीत. तोडायला बंदी आहे, म्हणून वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड रीतसर परवानगीने मिळवायला एक वर्ष गेलं. ते पिळवटलेलं निघालं. फाडायला गेलं की भलतीकडेच चिरायचं. पहिलं पिंप चाळणीसारखं गळलं, दुसरंही. नरसिंह सर म्हणाले होते, "कादंबरी, तेरा पेड़ हमसे लड़ रहा है." तिसरं टिकलं. ते छोटंसं एकच पिंप गोदामाच्या कोपऱ्यात होतं आणि मी रोज येता-जाता त्याच्या अंगावर हात ठेवायचे. एकदा त्यातली छोटी बाटली भरून मी घरी आणली, सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवली. घरी ती कुणाला दाखवायची नव्हती. बाबा, म्हणजे विलास देवस्थळी, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आयुष्यात कधी थेंब न घेतलेले. नातेवाइकांना ते सांगत, "कादंबरी केमिकलमध्ये आहे." पुण्याच्या आत्याने विचारलं, केमिकलमध्ये म्हणजे नक्की कशात, तर ते म्हणाले, "सॉल्व्हंट." मला हसू आलं होतं, कारण ते चूक नव्हतं. मी त्यांना एकदा म्हटलं, "बाबा, वास तरी घेऊन बघा, प्यायला कोण सांगतंय." त्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "वास घ्यायचे पगार मिळतात तुला?" "हो." "मग तू घे." हा त्यांचा विनोद होता. त्यांच्या सगळ्या विनोदांना अशीच बंद दारं असायची.

तिसरा ग्लास तोंडात घेतला आणि गालांची कातडी आतून दातांकडे ओढली गेली. जीभ कोरडी, खरखरीत, जणू कच्च्या केळ्याचं साल चघळलंय. तुरटपणा वासाचा नसतो, चवीचाही धड नसतो. तो स्पर्श असतो. लाळ खवल्यासारखी गोठते आणि जिभेवर घासते. बांज कुठल्याही परदेशी ओकपेक्षा तुरट आहे हे मीच मोजलं होतं. म्हणजे हाच. मी ग्लास खाली ठेवला. ग्लास सापडला होता. आता त्याचा वास सांगायचा होता, आणि तो मला पाठ होता. कारण या जगात मी शेवटचा घेतलेला वास तोच होता.

तो रविवार होता, दुपार. आमच्या मागचे निम्मे ब्लॉक पाडून तिथे टॉवर उभे राहतायत. पत्र्यांच्या कुंपणाने गाड्यांची जागा खाऊन टाकली आहे, आणि गेलं वर्षभर सगळी कॉलनी एकमेकांच्या गाड्यांवरून दात विचकत राहते. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांची काळी गाडी पुन्हा आमच्या गाडीला आडवी लावली होती. मी वरून आवाज ऐकले. आधी बाबांचं ऑफिसातलं हिंदी: "देखिए, नियम यह है कि..." मग त्या माणसाचं: "नियम? बेटी शराब बनाती है और बाप नियम सिखाता है!" मग हसणं, बाल्कन्यांमधूनही थोडंसं. मी जिना उतरले तेव्हा त्याने बाबांची कॉलर धरली होती आणि चष्मा खाली पडलेला होता. मी मध्ये घुसले. त्याचा हात कॉलरवरून सोडवला, तोंड त्याच्याकडे, पाठ बाबांकडे, दोन्ही हात पसरून. मागे आमच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. स्टिअरिंगला आडवा लावायचा लोखंडी दांडा असतो, दिल्लीत तो सगळ्यांकडे असतो आणि गाडी चोरीला जाऊ नये म्हणून असतो असं सगळे म्हणतात. त्याचा खटका सुटल्याचा आवाज आला. तो माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजत होतं. मग माझ्या कानाशी, अगदी मानेपाशी, बाबांचा आवाज: "कादंबरी, बाजूला हो." हळू. वर्तमानपत्रामागून बोलतात तसा. आणि त्या श्वासाबरोबर वास आला. मला एका क्षणात कळलं. बांज. मी चुकणं शक्य नव्हतं. जगात ते एकच पिंप होतं आणि त्यातली एकच बाटली बाहेर आली होती. बाबांनी माझं कपाट उघडलं होतं, स्वेटर सरकवले होते, बाटली काढून पाणी न घालता प्यायले होते. आणि मला आनंद झाला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो माणूस माझ्यासमोर उभा होता, मागे लोखंड उचललं जात होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी हसत वळायला लागले, त्यांना विचारायला: कशी वाटली? वळणं पुरं झालं नाही.

तो घाव कुणासाठी होता हे मला माहीत नाही. आई म्हणते, हा काय प्रश्न झाला? तिच्या मते दांडा त्या माणसासाठी उचलला होता आणि मी मध्ये आले. पण मध्ये मी आधीपासूनच होते. त्यांनी माझं नाव घेतलं होतं. नाव घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, ज्याला सांगितलं त्याने हलावं म्हणून जेवढं थांबतात तेवढंही न थांबता हात खाली आणायचा. मी हा क्रम प्रयोगासारखा पुन्हा पुन्हा मांडून बघते आणि दर वेळी उत्तर एकाच जागी अडतं. तो माणूस त्या रात्रीच गाडी हलवून गावी निघून गेला. बाल्कन्यांना अचानक काहीच दिसलेलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर आईने माझ्या उशीशी बसून सांगितलं, "बघ, चार महिन्यांत रिटायर होतायत. पोलीस, चौकशी, एक ओळ जरी फाइलवर गेली तरी पेन्शन अडकवतात हे लोक. तू बाथरूममध्ये पडलीस. बिल्कुल कुणाला काही बोलायचं नाही. रुचितालासुद्धा नाही." सरकारी घरात वाढलेल्या मुलीला ही भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मी हो म्हटलं. बाबा किन्नू, म्हणजे इकडची संत्री, सोलून आणतात. रोज दुपारी, बशीत, शिरा काढून, बिया काढून, एकेक फोड वेगळी. मी खाते. आंबटगोड पाणी. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "गोड आहे का?" आणि मी म्हटलं, "आहे." बाटली स्वेटरांच्या मागे आता नाही, ती कुणी फेकली, त्या दोघांपैकी, ते मी विचारलेलं नाही. आज सकाळी त्यांनी मला धौला कुआंला कंपनीच्या बसपर्यंत गाडीने सोडलं. बस यायची होती, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सवयीने वाकून सीटखालून तो दांडा काढला, स्टिअरिंगला लावला. खट्. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे हात दांड्यावरच राहिले, काढावा की असू द्यावा हे न कळून, आणि मी काचेतून बाहेर बघत म्हटलं, "आली बस."

"हां कादंबरी," नरसिंह सर म्हणाले. "नंबर तीन. बोलो."

आमचा एक नियम आहे. बोलणाऱ्याने झाकण उचलून हातात धरायचं आणि ते परत ठेवेपर्यंत कुणी मध्ये तोंड उघडायचं नाही. नाहीतर मोठ्या माणसाचं मत लहान माणसाच्या जिभेवर जाऊन बसतं. मी झाकण उचललं, ग्लास नाकाशी नेला, आणि त्या रिकाम्या जागेत श्वास ओढून डोळे मिटले. मग मानेपाशी जे आलं होतं ते मी सांगायला लागले. आधी ओली साल, पावसात पडलेल्या झाडाची, मातीकडच्या बाजूची. मग खोबरं, किसून कढईत जरा जास्तच भाजलेलं. लोणी कढवल्यावर तळाला राहणारी बेरी. ती हिंदीत कशी सांगायची कळेना, मी वर्णन करून सांगितली. जायफळ. कच्च्या अक्रोडाचं हिरवं साल, ज्याने बोटं काळी होतात. मी सांगत गेले आणि वास खरंच येत गेला, नाकात नाही, त्याच्याही मागे कुठेतरी. प्रत्येक शब्दाबरोबर मी त्या दुपारी उभी होते, हात पसरून, ऊन डोक्यावर, आणि ते अजून व्हायचं होतं. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण आठवण एकदा सुरू झाली की तिच्या शेवटापर्यंत जाते. "और आख़िर में लोहा," मी म्हणाले. "गरम लोहा. साफ़."

झाकण ठेवलं. मग नरसिंह सरांनी डोळे उघडले. "लोहा?"

मला त्याच क्षणी कळलं की काय झालं. पिंपात लोखंड असूच शकत नाही. एखादा खिळा, पट्टीचा एखादा तुकडा आत गेला तर लाकडातला तुरटपणा आणि लोखंड मिळून शाई होते, शब्दशः शाई. सगळी व्हिस्की काळी पडते आणि गटारात जाते. त्यातून बांज म्हणजे या सगळ्यांत तुरट.

विजयालक्ष्मी मॅडमनी आपला ग्लास ओढून घेतला, वास घेतला, भुवया आवळल्या. "मुझे तो नहीं आ रहा."

"तुम्हें नहीं आएगा," सर म्हणाले. "इसे आता है. पिछले साल वो सत्रह नंबर याद है? किसी को नहीं आया था, इसे आया था. खोला तो कील निकली." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "पीपा खाली करो. आज ही. ऊपर का ढक्कन तोड़कर अंदर देखो."

"सर, एकच पिंप आहे," रुचिता घाईने म्हणाली, मराठीतच, मग भान येऊन हिंदीत वळली. "सर, एक ही तो है. तोड़ दिया तो फिर जुड़ेगा नहीं, बांज है, चिर जाएगा. मैं सूंघूं?" तिने झाकण उचललं. सगळे गप्प झाले, नियमाने. ती बराच वेळ ग्लासावर वाकून होती. "साल है," ती म्हणाली. "खोबरं है. वो घी के नीचे वाली चीज़, वो भी है, बिल्कुल. जायफल, अखरोट. कादंबरी ने जो बोला, सब है." तिने माझ्याकडे बघितलं. तिची नजर चेहऱ्यावरून सरकून कानामागे, पट्टीच्या कडेवर आली आणि तिथे थांबली. "लोहा नहीं है."

मी म्हणू शकत होते, माझी चूक झाली. त्यांनी ते मानलं नसतं. इतकी वर्षं मी त्यांना सवय लावली होती मला मानायची. मी गप्प बसू शकत होते. मग खालच्या गोदामात कुणीतरी हातोडा घेऊन पिंपाच्या तोंडावर पहिला घाव घातला असता आणि आत काहीही सापडलं नसतं. स्वच्छ, जळलेलं, निर्दोष लाकूड. मॅडमनी फोन उचललाही होता. "गोदाम? हां, वो कोने वाला छोटा पीपा..." मला तो आवाज ऐकू येत होता जो अजून झाला नव्हता. मागून. मला वाटलं, एका आठवड्यात दुसऱ्यांदा मला कुणीतरी बाजूला व्हायला सांगतंय.

"मॅडम, फोन ठेवा," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, पण त्यांनी ठेवला. "लोहे की अपनी कोई बू नहीं होती. नाणं हातात घासल्यावर, लोखंडी दांडा धरल्यावर जो वास येतो तो लोखंडाचा नसतो. चमड़ी का तेल और पसीना लोहे से मिलता है, तब बनती है. वो बू हाथ की होती है. जिसने पकड़ा हो, उसके हाथ की."

"तो किसका हाथ?" सरांनी विचारलं. ते अजूनही पिंपाबद्दल विचारत होते. कुणा कामगाराने आत हात घातला की काय. रुचिता विचारत नव्हती. तिने टेबलाखाली माझं मनगट घट्ट पकडलं होतं.

मी तिसऱ्या ग्लासाचं झाकण उचललं आणि हातात धरलं, म्हणजे माझं संपेपर्यंत आता कुणाला मध्ये बोलता येणार नव्हतं.